मशीनला नंबर देताना

"ऊठ. मेंढरं हाकायला नंबर लागत नाय."

सर मला सगळ्यांसमोर म्हणाले. मंचरच्या कॉम्प्युटर क्लासात. वर्ग हसला. माझी पिंपळवंडीची मैत्रीणही हसली. ते जास्त लागलं.

त्या दिवशी नेटवर्क कार्ड सेट करायचं होतं. वायरनं जोडलेल्या प्रत्येक मशीनला वेगळा नंबर द्यायचा. दोन मशीनना एकच नंबर पडला, की जोडणी तुटते. बाकीच्यांनी हे स्वतःच्या हातानं करून पाहिलेलं. मी लांबून. माझी पाळी आली की सर म्हणायचे, "तू नुसतं बघ." क्लास सुटला की मात्र फडकं माझ्याच हातात. मशीन पुसायला मी चालत होते. चालवायला नाही.

त्या दिवशी मी न विचारताच खुर्चीवर बसले. नंबर टाकला. तो नेमका सरांच्याच मशीनचा निघाला. दोन्ही पडद्यांवर चूक झळकली. सर आले, माझ्या मशीनची वायर उपटली आणि ते मेंढरांचं बोलले.

आबा दारातच उभे होते. माझे वडील. महाळुंगे पडवळहून बाजाराला आलेले, मला घरी न्यायला थांबलेले. खांद्यावर घोंगडी. त्यांनी सगळं ऐकलं. चपला बाहेर काढून आत आले. माझ्या थोरल्या भावाच्या वयाच्या त्या माणसापुढं हात जोडले.

"चुकलं साहेब. पोर अडाणी हाय. पदरात घ्या."

सरांनी वर पाहिलंसुद्धा नाही. "बाहेर थांबा. वास येतोय."

आबा मान हलवून "व्हय, व्हय" म्हणाले. माझ्या आत काहीतरी फाटलं.

"आबा, माफी मागू नका. मी नंबर चुकलेय, गुन्हा न्हाई केला." मग मी सरांना म्हणाले, "मी उठणार न्हाई."

आता कुणी हसलं नाही. मी खाली वाकले. वायर परत खोचली. शेवटचा आकडा बदलला. जोडणी तपासायला दुसऱ्या मशीनला हाक पाठवली. उत्तर आलं.

मागं पाहिलं. दारात आबा नव्हते.

एसटी स्टँडवर सापडले. डोळे भरलेले.

"चारचौघांत मला गप केलंस, बाय."

दुसऱ्यांच्या रानात मेंढरं चारायची म्हणजे हात जोडावेच लागत. त्याच हातांनी त्यांनी आम्हाला वाढवलं. सरांच्या बोलण्यापेक्षा माझं बोलणं त्यांना खोल गेलं. पुन्हा ते त्या क्लासाची पायरी चढले नाहीत. त्या दिवसाबद्दल आम्ही कधीच बोललो नाही.

आता आबा नाहीत. त्यांना समजावून सांगायचं राहूनच गेलं. ते आजही सलतं.

तरी सांगते. तीच वेळ परत आली, तर मी आबांना परत अडवीन. त्यांचे डोळे भरले तरी अडवीन. मला शिकायला मिळावं म्हणून माझ्या घरातलं माणूस कुणापुढं वाकणार नाही.