तुटक रेघ कुणाच्या वावरातून जाते

कादंबऱ्यांमधली काल्पनिक जगं कशी उभारतात, यावर मी चार वर्षं पीएचडी करते आहे. त्यातलं मला काही कळत नाही, हे आमच्या सासऱ्यांच्या लक्षात यायला एक दुपार पुरली.

आमच्या गाईड बाईंनी शेवटची तंबी दिली होती. "सोमवारच्या सेमिनारला स्वतः एक जग रचून दाखवा. या वेळी नापास झालात तर नोंदणी रद्द." मग मी एका मोठ्या कागदावर राज्य काढलं: नदी, राजवाडा, राक्षसाची गुहा, आणि राजपुत्राच्या प्रवासाची तुटक रेघ. रविवारी चिंचवडहून चाकणजवळच्या आमच्या गावी गेलो, तेव्हा रंग वाळावेत म्हणून मी तो पडवीतल्या खाटेवर पसरला आणि चहा टाकायला आत गेले. चूक माझीच. आमच्या भागात कागदावर तुटक रेघ दिसली, की ती कुणाच्या तरी वावरातून जाते!

बाहेर आले तर अण्णा, म्हणजे सासरे, नकाशावर वाकलेले. शेजारी बापू, त्यांचे चुलतभाऊ. बांधावरून दोघं सहा वर्षं एकमेकांशी बोलत नव्हते. (भूसंपादन म्हटलं की आमच्याकडे भावकी एक होते.)

"सूनबाई, रस्ता कुणाच्या गटातनं चाललाय?"

"अण्णा, रस्ता नाही तो. राजपुत्र चाललाय."

"राजपुत्र कुणाचा? आमदारांचा?"

"कुणाचाच नाही. हे सगळं काल्पनिक आहे."

"व्हय, सुरवातीला समदे तसंच म्हणत्यात," बापू म्हणाले. "मागल्या टायमाला बी निस्तं प्रस्तावितच व्हतं."

पाच वाजेपर्यंत पडवीत बारा माणसं जमली. मी तीनदा चहा केला आणि चारदा समजावून सांगितलं. कुणी ऐकेना.

"ही नदी चढावर कशी चाललीय?" बापूंनी चष्मा चढवला.

"जादूची आहे."

"आसंल. पर राजवाड्यात हजार सैनिक लिवलंय. त्ये खात्यात काय? वावर दिसत न्हाई येकबी."

"गायरान न्हाई," मागून कुणीतरी म्हणालं. "स्मशानभूमी बी न्हाई. मेल्यावर लोकांनी जायचं कुठं?"

चार वर्षांत यातला एकही प्रश्न मला पडला नव्हता. खरं सांगते, लाज वाटली. तेवढ्यात अण्णांनी लाल पेन काढलं. राजवाड्यामागे गायरान आलं, डोंगराखाली स्मशान आलं. राजपुत्राला जंगलातून वळवलं, कारण ती जागा वनखात्याची, कुणाचं वावर जात नाही. समासात बारा हरकती लिहिल्या गेल्या, प्रत्येकीखाली सही. शेवटी राक्षसाची गुहा कुणाच्या हिश्श्यात, यावरून अण्णा आणि बापू पुन्हा भांडले. तिथे येणाऱ्या लोकांसाठी पार्किंग काढता येईल, असं दोघांच्याही एकदमच लक्षात आलं होतं. बापू उठून गेले आणि बोलणं परत बंद झालं.

नवा नकाशा काढायला वेळ नव्हता. मला रडूच कोसळलं. अण्णा म्हणाले, "रडती कशाला? आता कुटं कागद नीट झालाय."

सोमवारी तोच घेऊन समितीसमोर उभी राहिले. बाहेरून आलेले परीक्षक एरवी डुलक्या घेतात म्हणे. ते खुर्ची पुढे ओढून अर्धा तास हरकती वाचत बसले. "हे गायरान कुणाला सुचलं?" त्यांनी विचारलं. मी खरं ते सांगितलं. त्यांनी बाईंशी कुजबुज केली आणि निकाल दिला, "नकाशा असाच्या असा प्रबंधात जोडा. नोंदणी राहू दे. मात्र तुम्ही लिहिलेली चारही प्रकरणं नामंजूर."

बाहेर येते तोच अण्णांचा फोन.

"काय झालं गं?"

"तुमचं सगळं मंजूर झालं, अण्णा. माझं नाही."

ते फार मायेने म्हणाले, "वाईट वाटून घिऊ नगं. पयल्या फेरीत कुणाचंच व्हत न्हाई. अपील कर."

आणि अपिलाचा फॉर्म कुठे मिळतो, हे विचारायला मी खरोखरच परत आत गेले.