कापूस आणि थर्मास

अनसिंगच्या दवाखान्यातला ड्रेसर देवमन हा गावात मरण ठरवणारा माणूस. डॉक्टर आठवड्यातून एकदा यायचे आणि माणसं नेमकी बाकीच्या सहा दिवसांत मरायची. देवमन नाकाशी कापसाचा तंतू धरायचा. तो हलला नाही की "गेला" म्हणायचा, आणि मगच घरचे रडायचे. त्याआधी रडणं अशुभ.

एकाहत्तर साली त्यानं पंजाबरावाला मेला ठरवलं. त्या दिवशी त्याला मेहुण्याच्या लग्नासाठी कारंजाची एस.टी. गाठायची होती. तिरडी उचलली तसा पंजाबराव उठून बसला आणि त्यानं पाणी मागितलं. देवमनला लाज वाटायला हवी होती. तो म्हणाला, "उठला ना? मंग झालं!"

चार वर्षांनी डोळ्यांचं शिबिर झालं. देवमनची बायको लिलाबाई हिनं सगळ्यात आधी नेत्रदानाचा फॉर्म भरला, नवऱ्यालाही भरायला लावला. अकोल्याच्या डॉक्टरांनी देवमनला थर्मास दिला. कोणी गेलं की त्यात बर्फ भरायचा, पोस्टातून फोन करायचा. सहा तासांत डोळे काढायला हवेत. गाव बिथरलं. ज्याच्या हातात थर्मास, त्याच्याच हातात कापूस? गावाचं चुकलं नव्हतं, हे मी आजही म्हणतो. ठरलं, कापूस पंजाबरावाकडे. मरणाचा अनुभव असलेला तोच एक होता.

पंजाबरावानं तीन वर्षांत एकालाही मेलं म्हटलं नाही. "अजून पाहू," एवढंच. शेवटी नातेवाईक कंटाळून प्रेत उचलायचे. थर्मासातला गारीगारवाल्याचा लाल बर्फ दर वेळी फुकट वितळायचा.

अठ्ठ्याहत्तरच्या उन्हाळ्यात एका सकाळी लिलाबाई चुलीपुढे कोसळली. देवमननं फोन केला, बर्फ भरला, आणि तिच्या उशाशी बसला. पाचव्या तासाला अकोल्याची जीप आली. डॉक्टर दारातच थांबले. "मी डोळे नेणारा. गेली की नाही, ते मी सांगणार नाही."

पंजाबरावानं कापूस धरला. बराच वेळ पाहिलं. सगळे "अजून पाहू" ऐकायला तयार बसलेले.

"गेली," तो म्हणाला.

"नीट पाह्य!" देवमन ओरडला. "अजून पाहू!" त्यानं कापूस हिसकावून स्वतः धरला. तंतू हलला. "हालला! हालला पाह्य!"

देवमनचा हात थरथरत होता. पंजाबरावानं त्याचं मनगट धरलं. तंतू थांबला.

"मले उचललं तवा तुले एस.टी.ची घाई होती," पंजाबराव हळूच म्हणाला. "आज तुले कायचीच घाई नाही. मलेबी नाही. म्हून सांगतो, गेली, बाप्पा."

देवमन उठला. थर्मास डॉक्टरांच्या हातात दिला. मग पंजाबरावाकडे वळून त्यानं विचारलं, "आता रडू का?"