आजोबांची जन्मतारीख

तुमची आई मराठी घेऊन एम.ए. झालेली. चेन्नईत त्यावर नोकरी कोण देणार? म्हणून अड्यारच्या आमच्या घरी, जेवणाच्या टेबलावर पुस्तकं पसरून, ती स्वतःच सॉफ्टवेअर तपासायला शिकली. मग नुंगंबाक्कमच्या एका छोट्या कंपनीने तिला नावनोंदणीचा एक प्रोग्रॅम दिला. सोमवारपर्यंत त्यातली चूक शोधली तर नोकरी तिची.

रविवारी दुपारपर्यंत चूक सापडली नव्हती. चुकीच्या तारखा, रिकामे चौकोन, पुस्तकातलं सगळं करून झालं होतं. शेवटी तिने मला बसवलं. मी सूचना वाचून प्रत्येक चौकोन नीट भरला. सगळं सुरळीत पार पडलं.

"आई, तुम्ही फारच शहाण्यासारखं भरता," ती रडवेली होऊन म्हणाली. "जरा वेड्यासारखं भरणारं कुणीतरी हवं."

आम्ही दोघींनी एकदमच आजोबांकडे पाहिलं.

आजोबांनी सूचनांकडे ढुंकूनही पाहिलं नाही. जन्मतारखेच्या चौकोनात त्यांनी एका बोटाने, इंग्रजी अक्षरांत टाइप केलं, 'नागपंचमीच्या आदल्या दिवशी, दिवेलागणीला'.

"अहो, तारीख घाला, तारीख!" मी ओरडले.

"माझी आई हेच सांगायची. ती काय खोटं बोलत होती?" असं म्हणून त्यांनी बटण दाबलं. प्रोग्रॅम जागच्या जागी बंद पडला.

"बाबा, आता कशालाही हात लावू नका!" तुमची आई आनंदाने किंचाळली.

नोकरी लागली. पहिल्या दिवशी निघताना ती आधी आजोबांच्या पाया पडली. आजोबांनी तोंडभर आशीर्वाद दिला आणि माझ्याकडे वळून विचारलं, "तुलाही शिकवू का?"