उंदीर न लागणारा डबा

कपाशीवर फवारणी सुरू झाली, की तो उग्र वास रस्त्यापर्यंत येतो आणि मला सातपुड्याच्या पायथ्याची ती आदिवासी वस्ती आठवते. मी तिथं नर्स होते. तिथल्या एका मावशीची रक्तातली साखर गोळ्या घेऊनही उतरत नव्हती, म्हणून एका दुपारी तिच्या घरी गेले. कुडाची भिंत नुकतीच शेणानं सारवलेली, तव्यावर ज्वारीची भाकर फुगत होती. "गोड त मी तोंडालेही लावत नाही, बाई," ती म्हणाली आणि पिठासाठी तिनं हात घातला तो कीटकनाशकाच्या, वरून कापलेल्या निळ्या डब्यात. शेतमालकानं रिकामा झाल्यावर दिलेला. "राखेनं घासला, उन्हात वाळवला. याले झाकण नाही, तरी उंदीर लागत नाही," ती कौतुकानं सांगत होती. "काऊन लागत नाही, मावशी?" मी विचारलं. तिचा हात पिठातच थांबला. मग ती डबा घेऊन अंगणात गेली. कोंबड्या धावत आल्या. तिनं डबा तिरपा केला, त्यांच्याकडे पाहिलं आणि पुन्हा सरळ केला. "याईले काऊन मारू?" म्हणत तिनं परसात खड्डा खणून सगळं पीठ पुरलं. असली कीटकनाशकं थोडी थोडी पोटात जात राहिली, तर साखर वाढू शकते, असं मी पुढं वाचलं; तरी तिची साखर त्या डब्यानंच वाढली, असं मी म्हणणार नाही. तेवढं मला ठाऊक नाही. पण साखरेचा पेशंट समोर बसला, की गोडाचं विचारायच्या आधी मी अजूनही पीठ कशात ठेवता तेच विचारते.