पंडितजींचं पन्हं

दिनकरराव गेल्याचं मला हॉटेलच्या वेटरने फोनवर सांगितलं. "साहब, पंडितजी नहीं रहे." सकाळी नगरा भागातल्या घरी चहा घेता घेता गेले म्हणे... मी कारखान्यात होतो.

नोकरीसाठी साताऱ्याहून झाशीला आलो, तेव्हा संध्याकाळी जायचं कुठे हा मोठाच प्रश्न होता. स्टेशनजवळ पोटभर जेवायची सोय झाली, ओरछ्याला नदीकाठच्या गच्चीवर गार वाऱ्यात जेवण मिळालं. पण जीव रमला तो सिव्हिल लाइन्समधल्या जुन्या हॉटेलच्या बारमध्ये. उंच छत, वेताच्या खुर्च्या आणि काउंटरमागे कपाळाला गंध लावलेले दिनकरराव. लक्ष्मी गेटजवळच्या पुजाऱ्यांच्या घराण्यातले, म्हणून सगळे त्यांना पंडितजी म्हणायचे. स्वतः थेंबही घेत नसत, नुसत्या वासावर कॉकटेल जमवत. उन्हाळ्यात घरून कैरीचं पन्हं आणायचे आणि त्यात जिन अन् भाजलेल्या जिऱ्याची पूड घालायचे. मी घाई केली की म्हणत, "कुलकर्णीजी, जल्दी काय आहे? बर्फाला जरा विरघळू द्या की." त्या पेल्यासाठी किल्ला बघायला आलेले पाहुणे मुक्काम वाढवायचे. मीही काही कमी नव्हतो.

मग एका चैत्रात आमच्या मराठी मंडळाच्या हळदीकुंकवाला त्यांनी मोठ्या हौसेने पन्ह्याचं पातेलं आणलं. अर्थात नुसत्या पन्ह्याचं. अध्यक्षबाई सगळ्यांदेखत म्हणाल्या, "बारवाल्याच्या हातचं गौरीपुढे कसं चालेल?" मी तिथेच सतरंजी अंथरत होतो. आदल्याच संध्याकाळी त्यांच्या हातचे दोन पेले रिचवलेला मी, मान खाली घालून सतरंजीच्या सुरकुत्या काढत राहिलो. माझ्या पिण्याचा बोभाटा होईल, एवढीच भीती. ते पातेलं उचलून निघून गेले. पुढे बारमध्ये माझं स्वागत पूर्वीसारखंच होत राहिलं आणि तेच मला जास्त लागलं.

तेरावं झाल्यावर दिनकररावांच्या घरी वहिनींना भेटायला गेलो. इतकी वर्षं साचलेलं बोलून टाकलं. "वहिनी, त्या दिवशी मी बोलायला हवं होतं. भेकड निघालो."

"छे हो भावजी, त्यांनीच तुम्हाला डोळ्यांनी खुणावलं होतं ना, गप्प राहा म्हणून? मी तुमच्यावर केवढी चिडले होते! तर म्हणाले, कुलकर्णीची काही गलती नाही, मीच त्याला थांबवलं."



"नाही वहिनी," मी म्हणालो, "त्यांनी खुणावलं नव्हतं. खुणावलं असतं तरी मला दिसलं नसतं... मी त्यांच्याकडे पाहिलंच नव्हतं."