बाराव्या किरणाची जागा

पलागाकाकूच्या फाटकाला ओकचे दोन जाड खांब आहेत आणि दोन्हींवर कंबरेच्या उंचीला एकेक सूर्य कोरलेला आहे. डाव्या सूर्याला बारा किरण, उजव्याला अकरा. बाराव्याच्या जागी लाकूड सपाटच सोडलंय, आणि इतक्या वर्षांचा पाऊस-बर्फ खाऊन ती जागा काळी पडलीय.

आमच्या गावच्या म्हाताऱ्यांना याचा अर्थ सांगावा लागत नाही. ज्या घरातलं मूल गेलं, त्या घराच्या सूर्याचा एक किरण कोरायचा नाही. पुढे दुसरं मूल झालं, की त्याच्या बाप्तिस्म्याच्या दिवशी तो कोरून पुरा करायचा. पलागाची अनुत्सा तापाने गेली तेव्हा हे फाटक अंगणात अर्धवट पडलं होतं. तिच्या नवऱ्याने, तोआदेरने, बाकी सगळं कोरलं. दोरखंडाचा पीळ, झाड, झाडावरची पाखरं, सगळं. ती एक जागा तेवढी सोडली. पुढे त्यांना मूल झालं नाही.

तोआदेर म्हणजे फाटकं कोरणाऱ्यांत आमच्या खोऱ्यातलं मोठं नाव. पलागा त्याच्या पटाश्यांना धार लावायची, खांब धरायची, भुसा झाडायची. उतारवयात त्याची नजर गेली, तेव्हापासून बारीक काम सगळं तीच करत होती. लोक मात्र फाटकावर हात फिरवून म्हणायचे, वा, तोआदेरचा हात. तिने ते कधी खोडून काढलं नाही. तोंडाने मात्र तिखट. तोआदेर गेला तेव्हा शवपेटीपाशी बसून मला, तिच्या शेजारणीला, म्हणाली, ‘‘जन्मभर कमरेत वाकलेला माणूस, बघ, आज कसा सरळ झोपलाय.’’

त्यानंतर दोनेक वर्षांनी तिचा पुतण्या मितरू इटलीहून कायमचा परत आला. तिकडे बांधकामावर पाठ मोडून घेतली होती आणि साठवलेल्या पैशातून एक सीएनसी मशीन आणलं होतं. गाईंचा गोठा रिकामाच होता, तिथे ते बसवलं. कॉम्प्युटरवर चित्र काढायचं, मशीनवर लाकूड आडवं टाकायचं, की फिरणारं पातं आपोआप त्या रेषेने लाकूड कोरत जातं. आवाज असा, की शेजारच्या कोंबड्या अंडी देईनाशा झाल्या. गिऱ्हाईक मात्र भरपूर. आमच्याकडे आता घरं मोठी आणि माणसं बाहेरदेशी. वर्षातून एकदा ऑगस्टात येतात, पण फाटक शेजाऱ्यापेक्षा उंच हवं असतं.

मितरूने नमुना घेतला तो काकूच्याच फाटकाचा. उजव्या खांबावर उजेड चांगला होता म्हणून तेवढाच यंत्राने टिपून घेतला, आणि डावा खांब कॉम्प्युटरमध्ये तोच आरशात दिसावा तसा उलटवून केला. किरण मोजायचं त्याच्या ध्यानातही आलं नाही. कोवळ्या वयात तो इथून गेला होता, ही असली खूण त्याला कोण सांगणार.

मशीनचं काम साबणाच्या वडीसारखं गुळगुळीत निघायचं आणि लोकांना तर हातचं हवं होतं. म्हणून त्याने काकूला बोलावलं. मशीनमधून निघालेल्या खांबावर तिने नुसती पटाशी फिरवायची, चार घाव उमटवायचे.

‘‘जरासा थरथरता हात दिसला पाहिजे, काकू,’’ तो म्हणाला.

‘‘थरथरता हवा असेल तर आणखी दहा वर्षांनी ये,’’ ती म्हणाली, आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तोआदेरच्या पटाश्या फडक्यात गुंडाळून गोठ्यात हजर झाली.

त्या पहिल्या दिवशी गोठ्यात काय झालं, ते तिने मला कितीतरी उशिरा सांगितलं. खांबावरचा भुसा हाताने पुसताना बोटं सूर्यावरून फिरली आणि एका जागी थांबली. तिथे लाकूड सपाट होतं. तिने दुसरा खांब चाचपला. तिथेही तेच. कुणा परक्याच्या फाटकावर एक नाही, दोन मेलेली मुलं. तिने मितरूला हाक मारायला तोंड उघडलं. तो कानांवर आवाज अडवायच्या टोप्या चढवून कॉम्प्युटरपाशी बसला होता. मग हाक न मारता तिने पटाशीवर मारायची लाकडी मोगरी उचलली आणि किरण कोरला. मग दुसरा.

तेव्हापासून प्रत्येक फाटकावर ती दोन किरण हाताने कोरत होती. मितरूला वाटायचं, काकू सूर्यावर जरा जास्त वेळ घालवते.

जानेवारीत विहिरीजवळच्या बर्फावरून ती घसरली आणि उजवं मनगट मोडलं. प्लास्टर घातलेला हात छातीशी धरून तिने मला मितरूकडे पाठवलं. निरोप एवढाच, की नास्तासियाचं फाटक मी हात लावल्याशिवाय उभं करायचं नाही. मितरू हसला. पॉलिश पेपर मलाही मारता येतो म्हणाला, काकूला आराम करायला सांगा. नास्तासियाचा मुलगा ग्रिगोरे आणि सून वोइका इटली सोडून घरी राहायला आले होते. वोइकाला दिवस गेले होते आणि बाळ यायच्या आत फाटक उभं राहायला हवं होतं. मितरूने ते उभं करूनही टाकलं.

हे कळलं तसं काकूने डाव्या हाताने शाल ओढली, पटाशी आणि मोगरी तिच्यात खुपसली, आणि मला म्हणाली, गाडी काढ. त्या वाटेवर तिने मला सगळं सांगितलं. मी विचारलं, अहो, मग मितरूला आधीच का नाही बोललात? ती खिडकीबाहेर बघत म्हणाली, ‘‘घरच्या फाटकावर तो किरण कोरणं माझ्या नशिबात नव्हतं. गोठ्यात दर वेळी कोरायला मिळायचा. वाटायचं, कुणाच्या तरी घरी पोर जन्मलं.’’

आम्ही पोचलो तेव्हा नास्तासिया फाटकातच उभी होती. तिने सूर्यांवरच्या त्या दोन कोऱ्या जागा पाहिल्या होत्या. काकूच्याच वयाची, काकूबरोबर शाळेत गेलेली बाई ती.

‘‘पलागे,’’ ती म्हणाली, ‘‘तुझी पोर माझ्या दारात कशाला उभी केलीस?’’

काकूने शालीतून पटाशी काढली. ‘‘हात मोडला गं. नाहीतर हे असं आलंच नसतं. सर बाजूला, आत्ता भरते.’’

‘‘खबरदार, घाव घालशील तर. घरात पोटुशी आहे.’’

तेही खरंच. घरात बाई गरोदर असताना चौकटीवर, फाटकावर घाव घालत नाहीत आमच्याकडे. म्हणजे बाळ येईपर्यंत ते दोन सपाट तुकडे तसेच राहणार होते. काकूने पटाशी परत शालीत ठेवली. ओट्यावर वोइका उभी होती, एक हात पोटावर. तिने सगळं ऐकलं होतं.

ईस्टरआधीच्या लेंटच्या उपासात वोइकाला मुलगी झाली, ती मेलेलीच. दवाखान्यात म्हणाले, नाळ गळ्याभोवती आवळली होती. गावाला नाळेशी काय करायचंय? चर्चमध्ये काकू बसली की तो बाक हळूहळू रिकामा व्हायला लागला. एका बाईने तर काकूने दिलेली अंडी परत आणून उंबऱ्यावर ठेवली. मी समजवायला गेले तर मलाच ऐकून घ्यावं लागलं, तुम्ही शिकलेल्या, तुमचं वेगळं.

मितरूचा चेहरा उतरला होता. ‘‘काकू, एवढं सांगायचं तरी. कॉम्प्युटरमध्ये मिनिटभराचं काम होतं.’’

‘‘म्हणूनच नाही सांगितलं,’’ काकू म्हणाली.

त्याने ते काम केलं. आता मशीन दोन्ही सूर्यांना बाराच्या बारा किरण कोरतं आणि काकूची तिथे गरज उरली नाही. पैसे न घेता त्याने नास्तासियाकडे नवे खांब नेले, तर वोइकाने त्याला फाटकातूनच परत पाठवलं. ते खांब अजून गोठ्यात भिंतीला टेकून उभे आहेत. कुणी घेत नाही.

मितरूला परत पाठवलं त्याच आठवड्यात वोइका काकूकडे आली. डोक्याला काळा रुमाल, चेहरा मेणासारखा. मी चुलीशी मक्याचा घाटा ढवळत होते, कारण काकूला एका हाताने ते जमत नव्हतं.

‘‘काकू, पटाशी घ्या आणि चला. डावीकडचा भरायचाय.’’

काकूने विचारलं, ‘‘आणि उजवीकडचा?’’

‘‘तो आहे तसाच बरोबर आहे.’’

प्लास्टर निघालं होतं, पण मनगट वाकडंच बसलं होतं. मोगरी उचलवेना. शेवटी काकूने डाव्या हाताने पटाशी धरून ठेवली आणि वोइकाने मोगरी मारली. हळू मार, असं काकू दोनदा म्हणाली, मग म्हणायची थांबली. नास्तासिया ओट्यावर उभी होती. तिने अडवलं नाही, बसायलाही सांगितलं नाही. काम झाल्यावर वोइकाने खालच्या ढलप्या एकेक करून वेचल्या आणि एप्रनच्या खिशात घातल्या. मोगरी-पटाशी काकूने वोइकाकडेच राहू दिली. वोइका उजव्या खांबाकडे बघत होती, त्या कोऱ्या जागेकडे, आणि काकूने तिथे नुसतं बोट टेकवलं.

परत येताना काकूने गाडीतून मागे वळून फाटकाकडे बघितलं.

‘‘वाकडा झाला गं,’’ ती म्हणाली.

मी म्हटलं, फारसा दिसत नाही.

‘‘दिसतो,’’ ती म्हणाली.