चौकटीवरची हळद

मिरज स्टेशनवर मला निरोप द्यायला अप्पा एकटेच आले होते. आई आली नाही. "देव बदललास ना? मग तुझ्या घरचं पाणीही घेणार नाही मी," असं तिनं घरीच सांगून टाकलं होतं. आणि माझ्या डोळ्यांत टिपूस नाही! कारण तोवर मी राणी झाले होते.

त्याचं असं झालं. लग्नाआधी मी ज्यू धर्म घेतला, तेव्हा मामंजींनी, म्हणजे सासऱ्यांनी, आदियाबेनच्या प्राचीन राजघराण्याची गोष्ट सांगितली. तिथल्या राणीनं आणि राजपुत्रानं, एकमेकांना पत्ता लागू न देता, आपापल्या मनानं ज्यू धर्म धरला. गोष्ट लांबलचक, माझ्या कानात 'राणी' तेवढं शिरलं. महाराणीसाहेब हुबळीत उतरल्या त्या इंजिनाच्या धुरानं काळं तोंड घेऊन, आणि राजवाडा निघाला स्टेशनामागची दीड खोली.

पहिल्याच शुक्रवारी, शब्बाथचा दिवा लावण्याआधी, दाराच्या चौकटीवरच्या मेझुझाला, त्या पवित्र वचनाच्या डबीला, मी हळदकुंकू वाहून मोकळी! शेजारची शांतक्का "छलो माडीदी!" म्हणून कौतुक करून गेली. नणंदांनो, तुम्ही पदराचा बोळा तोंडात कोंबून हसत होता, विसरले नाही हो मी. कुंकू पुसलं गेलं, हळद लाकडात मुरली. मामंजी म्हणाले, "राहू दे. पोरीला एका दिवसात सगळं सोडायला लावू नका."

मला मुलगी झाली, तेव्हा आई न कळवता आली. हमालाच्या डोक्यावर तांदळाचं पोतं, हातात सुक्या अंजिरांची पुडी. उंबऱ्याबाहेरच थांबली. मी पोरीला घेऊन दारात आले. तिची नजर त्या पिवळ्या डागावर गेली. बोट फिरवून म्हणाली, "ही तूच लावलीस ना गं?"

मी मान हलवली. मग पुडी पुढे करून तिनं हळूच विचारलं, "हे तुमच्या देवाला चालतं का?"

"न चालायला काय, विहीणबाई!" मामंजी आतून म्हणाले. "यरुशलेमेत दुष्काळ पडला तेव्हा आमच्या त्या आदियाबेनच्या राणीनं धान्य न् सुके अंजीरच धाडले होते." मग माझ्याकडे वळून, "कळलं का, राणी कोण ते?"

आई आत आली आणि तांब्याभर पाणी प्यायली.

आता तुम्ही सगळ्या इस्राएलात. फोनवर म्हणता, "वहिनी, आता तरी घरी ये." येईन की, चार दिवस पाहुणी म्हणून. यंदा दाराच्या चौकटीला रंग द्यायला काढला, तेव्हा रंगाऱ्याला म्हटलं, एवढा डाग सोड. तो म्हणाला, "आज्जी, वाईट दिसंल."

म्हटलं, "दिसू दे. माझी आई तिथूनच आत आली."